बिबट्या ‘घुसला’ की ‘दिसला’? संशोधन, बातमी आणि तुमची पत्रं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी या सदरात एक साधा प्रश्न विचारला होता, शास्त्रज्ञ जे शोधून काढतात ते तुमच्या घरापर्यंत कसं पोचतं, पेपरातून, टीव्हीवरून का कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि पोचल्यावर ते कितपत कळतं. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी घेणं शक्यच नाही, पाच घेतेय, लांब होती ती थोडी कापलीत, नावं कुणाचीच छापत नाहीये. मी स्वतः बावीस वर्षं मराठी दैनिकांत काढली, त्यातली बरीचशी आरोग्य आणि विज्ञानाच्या बीटवर, त्यामुळे जे सांगतेय ते तिथून शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय मातीतल्या बुरशीचा. आमचा पेपर नुकताच एका चांगल्या जर्नलमध्ये आला. एका दैनिकाच्या बातमीदाराचा फोन आला होता, पण आमचे गाइड म्हणाले अजिबात बोलू नकोस, ते लोक वाट लावतात, आणि आपलं काम ज्यांना कळायला हवं त्यांना जर्नलमधून कळतंच. मला वाटतं निदान माझ्या आईबाबांना तरी कळावं मी पाच वर्षं काय केलं. बोलू की नको? – संशोधक विद्यार्थिनी, पुणे

बोल. (अगंतुगं करतेय, चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.)

तुझ्या गाइडची भीती मात्र खोटी नाही. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका लॅबमध्ये वनस्पतीच्या अर्कावर काम चाललं होतं, काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या अर्काने मरत होत्या. मी गेले, दोन तास बोलले, मन लावून कॉपी (म्हणजे बातमीचा मजकूर) लिहिली. ‘बशीत वाढवलेल्या पेशी’ हे शब्द त्यात होते, पण कुठे, तर आठव्या परिच्छेदात. रात्री डेस्कवर जागा कमी पडली, कॉपी खालून कापली गेली आणि सकाळी हेडिंग आलं की कॅन्सरवर औषध सापडलं. दोन दिवसांनी त्या शास्त्रज्ञांचा मला फोन आला. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, एकदा इथे येऊन बघा. लॅबच्या बाहेर, जिन्यावर, माणसं बसली होती. एक बाई रात्रीची एसटी पकडून आलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या रिपोर्टची फाइल आणि वर घडी घातलेला आमचा पेपर. तिला मीच सांगितलं की ताई, हे औषध नाहीये अजून. तिने मला विचारलं, मग छापलं का. त्या शास्त्रज्ञांनी त्यानंतर कुठल्याच पेपरशी बोलणं बंद केलं, आणि चूक माझी होती, कारण जी गोष्ट पहिल्या ओळीत हवी ती मी आठव्या परिच्छेदात ठेवली होती. बातमी खालून कापतात हे मला माहीत होतं.

पण गाइडना दोन गोष्टी जरूर सांग. पहिली म्हणजे वाट नेहमी बातमीदारच लावतो असं नाही. ब्रिटनमध्ये २० मोठ्या विद्यापीठांच्या आरोग्यविषयक प्रेसनोट घेऊन एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, त्यात ४६२ प्रेसनोट मूळ शोधनिबंधांशी ताडून बघितल्या होत्या. साधारण ४० टक्क्यांमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ संशोधनापेक्षा फुगवलेला होता, आणि प्राण्यांवरचे निष्कर्ष थेट माणसाला लावून टाकलेल्या ३६ टक्के होत्या. म्हणजे पाणी पेपरात यायच्या आधीच, विद्यापीठाच्या आवारातच घातलं गेलं होतं, आणि प्रेसनोट फुगलेली असली की बातमीही फुगण्याची शक्यता बरीच वाढते हेही त्याच अभ्यासात दिसलं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. गाइड म्हणतात ना की ज्यांना कळायला हवं त्यांना जर्नलमधून कळतंच? १९७८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १२ आठवडे संप होता. त्या काळात पेपर विक्रीला आला नाही, पण रेकॉर्डसाठी रोजचा अंक तयार मात्र होत होता. काही संशोधकांनी नंतर हेच पकडलं. एरवी ज्या वैद्यकीय शोधनिबंधांची बातमी या पेपरात यायची त्यांना पहिल्या वर्षात इतर शास्त्रज्ञांकडून जवळजवळ ७३ टक्के जास्त सायटेशन (म्हणजे त्यांच्या निबंधांत उल्लेख) मिळत होती, आता कुणी म्हणेल की पेपर मुळात चांगलीच संशोधनं निवडतो म्हणून असेल, पण संपाच्या काळात ज्यांची बातमी लिहून तयार होती आणि लोकांच्या हातात गेली नाही त्यांना हा फायदा मिळाला नाही. हे १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. शास्त्रज्ञसुद्धा सकाळी चहासोबत पेपरच वाचतात गं, आणि शेजारच्या खात्यात काय चाललंय ते त्यांना तिथूनच कळतं.

बोलताना एवढंच कर, जी मर्यादा आहे ती पहिल्या वाक्यात सांग. ‘हे सध्या कुंडीतल्या रोपांवर केलंय, शेतात नाही’ हे आधी, मग बाकीचं. आणि एक वाक्य असं तयार ठेव जे आईला फोनवर सांगितलंस तर ती पुढे मावशीला सांगू शकेल. ते वाक्य करायला तुला दोन दिवस लागतील, लागू देत.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडं उसात बिबट्या आहे, आज नाही, वीस-पंचवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीवरचं वासरू नेलं. पोरं शाळेतून येईस्तोवर जीव थाऱ्यावर नसतो. आणि पेपरात शास्त्रज्ञ सांगतात पिंजरा लावून उचलू नका, बिबट्याबरोबर राहायला शिका. शहरात बसून ह्यांना काय कळतंय? आणि तुम्ही पेपरवाले त्यांचंच का छापता? – शेतकरी, जुन्नर तालुका

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, वासरू गेलंय, त्यांना लांबून शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही, तेव्हा फक्त काय झालं ते सांगते.

जे संशोधन पेपरात येतं त्यातलं बरंच शहरात बसून झालेलं नाही, ते तुमच्याच जुन्नरमध्ये आणि पलीकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात झालंय. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी या पट्ट्यात वर्षानुवर्षं काम केलं. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात खूप बिबटे पिंजऱ्यात पकडले गेले आणि बरेचसे दुसरीकडच्या जंगलात नेऊन सोडले. हेतू चांगलाच होता, लोकांचीच मागणी होती. पण आकडे मांडले तेव्हा दिसलं की आधीच्या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे ते या मोहिमेनंतर १७ वर गेले. कारण असं की बिबट्या ठिकाण धरून राहणारा प्राणी आहे, त्याला अनोळखी रानात सोडलं की तिथे आधीच दुसरा असतो, हा पिंजरा, गर्दी, ट्रकचा प्रवास यातून आलेला, बिथरलेला, आणि घराकडे निघतो, वाटेत अनोळखी गावं लागतात. आणि इथली रिकामी झालेली जागा थोड्या दिवसांत दुसरा बिबट्या घेतो. म्हणजे तुमच्या उसातला उचलला तरी ऊस रिकामा राहत नाही.

हे सगळं शोधनिबंधात लिहिलेलं होतंच, पण तो वाचला कुणी? लोकांना कळलं ते ‘आजोबा’मुळे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत एक मोठा नर बिबट्या पडला, त्याला बाहेर काढून गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. तो तिथे थांबलाच नाही, महिन्याभरात साधारण १२० किलोमीटर चालून मुंबईला संजय गांधी उद्यानाच्या हद्दीत पोचला, आणि वाटेत कुणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. नकाशावरचे ते ठिपके आणि ‘आजोबा’ हे नाव, एवढ्यावर पेपरांनी ती गोष्ट घरोघरी नेली. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला तेव्हा लोकांनी ती बातमी ओळखीचं कुणीतरी गेल्यासारखी वाचली. ४ चे १७ झाले हे जे आकडे सांगत होते तेच आजोबाच्या चालण्याने सांगितलं, की उचलून सोडलेला बिबट्या तिथे राहत नाही.

आता आमच्या धंद्याचं. तुम्ही म्हणता शास्त्रज्ञांचंच छापता, पण खरं म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्या उलटच छापत होतो. हेडिंगला मोजकी अक्षरं बसतात, सिंगल कॉलमला तर फारच कमी, त्यामुळे डेस्कवर ठरलेले शब्द असतात. बिबट्या ‘घुसला’. बिबट्याचा ‘धुमाकूळ’. गावात ‘दहशत’. आणि शेवटी बिबट्या ‘जेरबंद’. मी स्वतः रात्री दीडला असे मथळे दिलेत. यातला प्रत्येक शब्द काहीतरी ठरवून टाकतो. ‘घुसला’ म्हटलं की तो बाहेरून आला असं होतं, वीस वर्षं उसात राहतोय, तिथेच पिल्लं होतायत हे त्यातून कळतच नाही. ‘जेरबंद’ म्हटलं की गोष्ट सुखरूप संपली, वाचणारा पान उलटतो, आणि दुसऱ्या गावातले लोक वन खात्याला विचारतात आमच्याकडे पिंजरा कधी. खात्यावर दबाव येतो, पिंजरा लागतो, कुठलातरी बिबट्या सापडतो, जो सापडला तोच हल्ला करणारा होता की नाही कुणाला माहीत. आमच्या चार अक्षरांमुळे नेमकं ते होत होतं जे संशोधन सांगत होतं की करू नका.

मुंबईत हे बदलायचा जाणूनबुजून प्रयत्न झाला. संजय गांधी उद्यानाच्या भोवती २००२ ते २००४ मध्ये बरेच हल्ले झाले होते, माणसं गेली होती. पुढे २०११ मध्ये वन विभाग, शास्त्रज्ञ आणि शहरातले नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ सुरू केलं आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग होता पत्रकारांसोबत बसणं. नुसतं प्रेसनोट पाठवणं नाही, बसून बोलणं, आणि तेही हल्ला झालेला नसताना. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला नव्हे, मग बातमीत ‘हल्ला’ का? कचरा आणि भटकी कुत्री कुठे आहेत ते बघितलं का? अकोले तालुक्यातल्या अभ्यासात तर बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, साधारण ३९ टक्के, शेळ्या कितीतरी जास्त असून त्यांचा वाटा ११ टक्के. अशा गोष्टी आधी माहीत असल्या की रात्री नऊला फोन आल्यावर बातमीदार वेगळे प्रश्न विचारतो. नंतर मुंबईच्या इंग्रजी पेपरांमधल्या बातम्यांचा अभ्यासही झाला, २०१३ मध्ये छापून आला, आणि पुढच्या काळातल्या बातम्यांत बिबट्याला गुन्हेगार ठरवणं कमी होऊन काय काळजी घ्यायची याची माहिती वाढलेली दिसली.

पण दादा, तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी शास्त्रज्ञांच्या लेखात नसते आणि ती आणायचं काम पेपरचंच आहे. शास्त्रज्ञ म्हणतो उचलून दुसरीकडे सोडू नका. बरं, मग माझ्या वासराचं काय, हा प्रश्न त्याला बातमीदाराने विचारायला हवा. बंदिस्त गोठ्याला पैसे कोण देणार, पंचनाम्याला किती दिवस लागतात, भरपाई कधी हातात येते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उसाला पाणी द्यायला माणूस रात्री दोनला का जातो, तर थ्री फेज वीज रात्रीची मिळते म्हणून. बिबट्याच्या शास्त्रज्ञाला विजेचं वेळापत्रक माहीत असायचं कारण नाही. तालुक्याच्या वार्ताहराला ते तोंडपाठ असतं. या दोघांची गाठ पडली तरच ‘बिबट्याबरोबर राहा’ याला काही अर्थ येतो, नाहीतर तुम्ही म्हणता तसं ते शहरातलं बोलणंच वाटणार. तुमचं पत्र मी माझ्या ओळखीच्या दोन बातमीदारांना दाखवलंय, नाव काढून.

प्रश्न : एक दिवस येतं चहा चांगला, दुसऱ्या दिवशी चहा वाईट. अंडी, तूप, खोबरेल, सगळ्याचं तेच. परवा वाचलं कुठल्याशा गोळीने धोका दुप्पट होतो, ती गोळी माझी सून घेते. घाबरून जीव गेला. विश्वास ठेवायचा तरी कशावर? – गृहिणी, कोल्हापूर

काकू, आधी सुनेला सांगा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नको. हे का म्हणतेय ते सांगते.

ऑक्टोबर १९९५, ब्रिटन. तिथल्या सरकारी औषध समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ, आणि सगळीकडे तीच बातमी. हजारो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. पण दुप्पट म्हणजे किती? जुन्या गोळीवर ७,००० बायकांमध्ये एकीला व्हायची, नव्या गोळीवर ७,००० मध्ये दोघींना. बस. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्तच असतो. आकडा खोटा नव्हता हो. समितीनेही खरंच सांगितलं, पेपरांनीही खरंच छापलं, पण ‘किती जणींमध्ये किती’ हे मोठ्याने कुणी विचारलं नाही आणि त्याची किंमत त्या मुलींनी दिली.

म्हणून ‘दुप्पट’, ‘५० टक्क्यांनी कमी’ असं काही वाचलंत की पेपरवर बोट ठेवून विचारायचं, कितीचे किती झाले. उत्तर बातमीत नसेल तर ती बातमी अर्धी आहे, मग तो पेपर कितीही मोठा असो. दुसरं, हे माणसांवर बघितलंय का उंदरांवर. तिसरं, किती लोकांवर आणि किती दिवस. चहाचं जे रोज बदलतं ना, ते बरंचसं यामुळेच, की एकेक छोटा अभ्यास सुटा उचलून छापला जातो. चांगला बातमीदार त्याच अभ्यासात नसलेल्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला फोन करतो आणि विचारतो, तुम्हाला हे पटतं का. बातमीत असं दुसऱ्या कुणाचं मत असलं की थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

चहा प्या तुम्ही.

प्रश्न : आता शास्त्रज्ञ स्वतः व्हिडिओ करतात, लेख लिहितात, थेट लोकांशी बोलतात. मग मध्ये पत्रकार हवाच कशाला? – निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, शास्त्रज्ञांनी थेट बोलावंच, आणि आपल्याकडे ती परंपरा चांगली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करतेय. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. गडचिरोलीच्या बंग दांपत्याचं बघा, त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं आणि जगाने बघितलं. पण महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल २००१ मध्ये लोकांपुढे ठेवताना त्याला नाव दिलं ‘कोवळी पानगळ’. लॅन्सेट न वाचणाऱ्या माणसालाही ते दोन शब्द कळतात. बातमीदाराला मथळा शोधावा लागला नाही, संशोधकांनीच तो दिला होता.

तरीही पत्रकार हवा, कारण शास्त्रज्ञ स्वतःच्या कामाबद्दल बोलतो तेव्हा उलट प्रश्न विचारणारं समोर कुणी नसतं. १९९८ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा १२ मुलांवरचा निबंध आला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, लाखो आईवडील घाबरले, आणि हे सांगायलाच हवं की ती भीती पसरवण्यात पेपरांचाही मोठा हात होता. पण खोदून काढलं तेही एका पत्रकारानेच. ब्रायन डीअर यांनी २००४ पासून ‘संडे टाइम्स’मध्ये एकेक गोष्ट बाहेर आणली, वकिलांकडून घेतलेले पैसे, मुलांच्या नोंदींतल्या विसंगती, आणि २०१० मध्ये जर्नलने तो निबंध मागे घेतला. निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांना मुलांच्या घरी जाऊन विचारता येत नाही, पत्रकाराला येतं.

आणि कधी कधी नुसतं लवकर विचारणंही पुरतं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा काय काय अफवा होत्या तुम्हाला आठवत असेल. पेपरांनी फोटो छापले, लावून धरलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, नमुने पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत पोचले आणि कळलं की मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत, उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला म्हणून फोफावले. प्रयोगशाळेत तो नमुना काही दिवस तसाच ठेवला तर गुलाबी जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. बाटलीच्या तळाला गुलाबी गाळ, वर स्वच्छ पाणी, एवढं चित्र डोळ्यापुढे आलं की शाप-बिप काही शिल्लक राहत नाही.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात तालुका वार्ताहर आहे. विज्ञानाची बातमी म्हणजे मुंबई-पुण्याचं काम असं आमच्या ऑफिसात समजतात. कृषी विद्यापीठाची प्रेसनोट येते ती मी जशीच्या तशी लावतो, कारण हात लावला तर चुकेल अशी भीती वाटते. शास्त्रज्ञाला छापण्याआधी कॉपी दाखवावी का? – वार्ताहर, यवतमाळ जिल्हा

भाऊ, तुमच्या जिल्ह्यात २०१७ मध्ये जे झालं त्याहून मोठी विज्ञानाची बातमी कुठली होती सांगा. गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर गेले. ती मुंबई-पुण्याची बातमी नव्हती.

प्रेसनोट जशीच्या तशी लावू नका, कारण ती शेतकऱ्यासाठी लिहिलेली नसते, वरच्या साहेबांसाठी लिहिलेली असते. बोंडअळीच्या वेळी सल्ला साधारण असा यायचा की कपाशीचा हंगाम लांबवू नये व पीक अवशेषांचे योग्य व्यवस्थापन करावे. पारावर बसून हे मोठ्याने वाचा, कुणी मान वर करणार नाही. आता हेच असं लिहा, ‘फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रानात उभ्या ठेवू नका, अळी त्यातच पुढच्या हंगामापर्यंत दडून बसते.’ (बाकीच्या वाचकांसाठी, फरदड म्हणजे वेचणी झाल्यावर त्याच कपाशीला पुन्हा पाणी देऊन घेतलेला कापूस, आणि पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं.) शास्त्र तेच आहे, कणभर कमी नाही, पण आता त्यात शेतकऱ्याला परवडण्या-न परवडण्याचा प्रश्न दिसायला लागतो, की फरदडीतून हातात येणारे दोन पैसे सोडायचे का. तो प्रश्न घेऊन परत शास्त्रज्ञाकडे जा, आणि त्याचं उत्तर हीच तुमची बातमी. ‘फरदड’ हा शब्द तुमच्याकडे आहे, पुण्याच्या डेस्ककडे नाही, त्यामुळे हात लावायचा खरा अधिकार तुमचाच.

कॉपी दाखवायची का, तर पूर्ण कॉपी नाही. मथळा काय, कुणाचं मत घेतलं, टीका किती ठेवली हे ठरवणं आपलं काम आहे, त्यावर सही घेत बसलो तर आपण त्यांचे प्रसिद्धी अधिकारी होऊ. पण आकडे, नावं, आणि शास्त्राचं जे वाक्य आपल्या शब्दांत उतरवलंय तेवढं फोनवर वाचून दाखवा. मी तो कॅन्सरचा घोटाळा झाल्यापासून हे कायम केलं. एकदा रात्री साडेनऊला एका शास्त्रज्ञ बाईंना वाक्य वाचून दाखवलं, त्यात मी ‘रोग थांबतो’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, थांबत नाही हो, हळू होतो. एक शब्द बदलला, पान सुटायला वीस मिनिटं होती.

आणि आणखी एक करा. बातमी छापून आली की त्याचा फोटो त्या शास्त्रज्ञाला पाठवा, आणि गावात लोक त्यावर काय म्हणाले तेही खाली दोन ओळींत लिहा. कुणी म्हणालं असेल की आमच्याकडे असं होत नाही, कुणी म्हणालं असेल हे औषध मिळतंच नाही, जसं असेल तसं कळवा. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला हे दुसरीकडून कुठून कळणार, आणि पुढच्या हंगामात काही वेगळं दिसलं की तो स्वतःहून तुम्हाला फोन करतो, प्रेसनोट निघायच्या आधी.